रोटरीत तेल आधी गार करा
एमजी मिजेट या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत माझदाचं १२ए हे रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारं) बसवताना रेडिएटर मोठा केला की काम झालं, असं काहीजण म्हणतात. हे निम्मंच खरं. या इंजिनात रोटर आतून तेलानेच गार होतात, उष्णतेचा मोठा वाटा तेलावाटे बाहेर पडतो. तेव्हा ऑइल कूलरची जागा आधी ठरवा, रेडिएटरची नंतर. काही १२ए इंजिनांवर ऑइल फिल्टरखाली पाण्यावर चालणारा छोटा कूलर असतो. तो काढून पुढे हवेवरचाच लावा. इंजिन एकदा सणकून तापलं की आतलं पाणी अडवणारे सील कडक होतात आणि पाणी इंधन जळतं त्या चेंबरमध्ये झिरपतं. सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर रेंगाळला, तर तेच समजा.

आणि हो, एक्झॉस्ट उजव्या बाजूला निघतो. अमेरिकेला गेलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या मिजेटमध्ये कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) वाचतो. ब्रिटनमधल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मात्र कडकडीत तापलेला पाइप कॉलमशेजारूनच न्यावा लागतो. तिथे हीट शील्ड लावाच.