मत्स्यालयाच्या तळाला वाळू कोणती घालावी? नदीची, क्रश सँड की सिलिका (३ फुटी टँक, सांगली)

काठावरचा_मासा (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. टँक ३६ × १५ × १८ इंचाचा आहे. तळाला दुकानातले रंगीत खडे आहेत, ५-६ मिलिमीटरचे. त्यात ६ ब्राँझ कोरी (तळाशी चरणारे मासे), १२ सर्पे टेट्रा, मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया आणि पुढे दोन-तीन क्रिप्टो ही रोपं. हँग-ऑन फिल्टर, पाणी महापालिकेच्या नळाचं.

कोरींसाठी खडे काढून वाळू घालायची आहे. बांधकामाचा माल विकणाऱ्याकडे नदीची वाळू आणि क्रश सँड दोन्ही आहे. मत्स्यालयाच्या दुकानात पांढरी वाळू किलो-किलोच्या पिशवीत मिळते, पण पूर्ण तळाला ती फार महाग पडते. कोणती घ्यावी, किती किलो लागेल, आणि नदीची वाळू घातल्याने पाणी जड होतं असं म्हणतात ते कितपत खरं? क्रश सँड धुऊन चालेल का?

तळगाळ (मिरज)

क्रश सँड नको, कितीही धुतली तरी नको. ती बेसाल्ट फोडून केलेली असते, त्यामुळे कणाला धार असते. सिमेंट धरायला ती धार कामाची, माशाला नाही. कोरी वाळूत तोंड खुपसतो, घास भरून घेतो, खाण्याजोगं ठेवतो आणि बाकीची वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. दिवसभर हेच चालतं. धारदार कणांनी मिशा झिजतात आणि झिजलेल्या जागी जंतुसंसर्ग होतो. मिशा आखूड होण्याचं दुसरं कारण घाण तळ हेही आहे, म्हणून चांगली वाळू घालून सायफन (पाइपने तळाची घाण ओढणं) बंद केला तर उपयोग नाही. शिवाय क्रश सँडमध्ये दगडाची पूड इतकी असते की दहा पाण्यांनंतरही बादली करडीच दिसते.

तुमच्या टँकला ०.५ ते १ मिलिमीटरचा गोल कण बघा. ०.३ च्या खाली गेलात तर वाळू दाबून घट्ट बसते, मुळांशी पाणी खेळत नाही आणि जरा ढवळलं की उडून फिल्टरमध्ये जाते. २ मिलिमीटरच्या वर गेलात तर उरलेलं खाद्य फटीत शिरून कुजतं. आत्ताच्या खड्यांची अडचणही तीच आहे.

स्वस्त आणि खात्रीचा पर्याय म्हणजे पाण्याच्या फिल्टर प्लँटमध्ये घालतात ती सिलिका सँड. सॉफ्टनर आणि सँड फिल्टर बसवणारे लोक कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला सापडतील, त्यांना '१६/३०' मागा. १६ नंबरच्या जाळीतून पडलेली आणि ३० नंबरवर राहिलेली, म्हणजे साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटर. '८/१६' दिली तर जाड पडेल, '३०/६०' दिली तर बारीक. पोतं सहसा ५० किलोचं येतं, पण सुटी देणारेही आहेत.

फाउंड्रीची वाळू मात्र घेऊ नका. आपल्याकडे किर्लोस्करवाडीपासून कोल्हापूरपर्यंत फाउंड्र्या आहेत, त्यामुळे ती सहज हाती लागते. नवी असली तरी आपल्या कामाला फार बारीक. वापरलेली असेल तर तिच्यात बेंटोनाइट, कोळशाची भुकटी, कधी रेझिन असतं, आणि ते धुऊन जात नाही.

वजनाचा हिशोब: लांबी × रुंदी × जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा, लिटर मिळतात. कोरडी वाळू लिटरला सुमारे १.५५ किलो. तुमचा तळ ९१ × ३८. ४ सेंटिमीटरचा थर द्यायचा तर पावणेचौदा लिटर, म्हणजे २१-२२ किलो. चाळण्या-धुण्यात जाते ती धरून २५ घ्या.

कोयनाकाठ (कराड)

तळगाळ यांच्याशी बहुतेक सहमत, पण नदीची वाळू सरसकट बाद करू नये. कृष्णा-कोयनेची वाळू रंगाने काळपट असते, कण घासून गोल झालेला असतो आणि गडद तळावर माशांचा रंग उठून दिसतो. पांढऱ्याशुभ्र तळावर बरेच मासे फिकट पडतात, शिवाय वरून येणारा उजेड तळावरून परत फिरतो आणि बुजरे मासे कोपरा धरतात.

नदीच्या वाळूत खरा प्रश्न चुन्याचा. शिंपल्यांचे तुकडे आणि चुनखडीचे पांढरट खडे तिच्यात असतात. ते हळूहळू विरघळतात, पाण्याचा केएच (कार्बोनेट कठीणपणा) आणि जीएच (एकूण कठीणपणा) वाढतो, म्हणजे पाणी जड होतं, पीएच ८ च्या आसपास जाऊन थांबतो. रोपांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देणार असाल तर हे आणखी लवकर होतं, कारण पाणी आम्लधर्मी झालं की चुना जास्त सुटतो.

तपासायची पद्धत सोपी आहे, पण घाईने केली तर फसवते. व्हिनेगर सौम्य असतं, बारीक कणाचे बुडबुडे डोळ्याला दिसतही नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातलं म्युरिॲटिक ॲसिड चांगलं. काचेच्या वाटीत दोन चमचे कोरडी वाळू घ्या, वाळू भिजेल इतकंच ॲसिड ड्रॉपरने सोडा आणि बाजूने उजेड धरून बघा. एखाद-दुसऱ्या कणावर फेस आला तर तो शिंपल्याचा तुकडा, चाळून-वेचून निघेल. वाटीभर चुरचुर झाली तर ती वाळू परत करा. हे उघड्यावर करा, हातमोजे घाला, जवळपास ब्लीचिंग पावडर नको, आणि तपासलेली वाळू टँकमध्ये घालू नका. नमुना पोत्याच्या तीन वेगळ्या जागांतून घ्या, एकाच ढिगात फरक असतो.

ॲसिडने अख्खी वाळू धुऊन चुना काढायचा विचार करू नका. खड्याचा वरचा पापुद्राच विरघळतो, आतला गाभा राहतो आणि तो पुढे वर्षभर पाण्यात उतरत राहतो.

दुसरी चाचणी आठवड्याची. १ लिटर आरओच्या पाण्यात २०० ग्रॅम धुतलेली वाळू, रोज एकदा ढवळायची, सात दिवसांनी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि केएच मोजायचा. टीडीएस १०-१५ ने वाढला तर ठीक. ५० च्या वर गेला किंवा केएच २-३ ने चढला तर नको. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात ही चाचणी करू नका. त्या पाण्यात आधीच चुना असतो, त्यामुळे वाळूने सोडलेला वेगळा कळत नाही.

आणि वाळू दुकानातूनच घ्या. नदीपात्रातून स्वतः उचलू नका, ती गौण खनिजात येते, परवानगी लागते.

सज्जनगड_पायथा (सातारा)

एक गोष्ट राहिली. आपल्या नद्यांची वाळू बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. हे लोहाचे कण फिल्टरच्या इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या) चुंबकाला चिकटतात, मोटर घरघरायला लागते आणि पुढे शाफ्ट झिजतो. काच पुसायच्या मॅग्नेट ब्रशमध्ये एक कण अडकला तरी काचेवर ओरखडा पडतो, तो निघत नाही. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कोरड्या वाळूतून दोन-तीनदा फिरवा. पिशवी उलटी केली की काळी पूड झटकून टाकता येते. सगळी निघणार नाही, पण फरक पडतो. नदीची वाळू घातल्यावर काच पुसायला मॅग्नेटऐवजी जुनं एटीएम कार्ड वापरा.

गुहागर-गणपतीपुळ्याहून आणलेली समुद्राची वाळू टेट्रा-कोरींना नको. ती शिंपल्यांनी भरलेली असते. मलावी सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे) पाळणाऱ्यांना पाणी मुळातच कठीण लागतं, त्यांची गोष्ट निराळी.

काठावरचा_मासा (विश्रामबाग, सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. नदीच्या वाळूला ॲसिड लावून बघितलं, वाटीभर फेस आला. त्यामुळे १६/३० सिलिका आणतो. आता तीन शंका. एक, मासे टँकमध्ये असताना बदल करू की काढून? दोन, सिलिकाने तपकिरी शेवाळ येतं म्हणतात. तीन, वाळूत काहीच पोषण नसतं, तर खाली शेतातली काळी माती घालून वर वाळू दिली तर चालेल का? बागेचं १९:१९:१९ घरात आहे, ते गोळ्या करून पुरता येईल का?

तळगाळ (मिरज)

मासे काढूनच करा. खडे हलवले की खालचा साठलेला गाळ वर येतो, अमोनिया वाढतो आणि कोरी तळाशीच असल्याने पहिला फटका त्यांना बसतो. टबमध्ये टँकचंच पाणी, एअर स्टोन चालू, वर जाळी झाका.

वाळू आदल्या दिवशी धुऊन ठेवा. बादली एक तृतीयांशच भरा. पाइप तळाशी घालून जोराने पाणी सोडा, हाताने खालून वर ढवळा, गढूळ पाणी कडेने ओता. एका बादलीला आठ-दहा पाणी लागतात. हातात वाळू घेऊन स्वच्छ पाण्याच्या ग्लासात सोडा. अर्ध्या मिनिटात पाणी निवळलं तर झालं. पूर्ण भरलेली बादली धुतली तर तळची वाळू तशीच राहते, आणि 'इतकी धुतली तरी टँक दुधासारखा झाला' ही तक्रार बहुतेक वेळा त्यामुळेच असते.

मग टँकचं निम्मं-अधिक स्वच्छ पाणी बादल्यांत काढून ठेवा. फिल्टरचा स्पंज आणि मीडिया (जिवाणू धरून ठेवणारं भरण) त्याच पाण्यात बुडवून ठेवा, कोरडं पडू देऊ नका, नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि टँक पुन्हा पहिल्यापासून सायकल करावा लागतो, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू नव्याने वाढवावे लागतात. खडे काढा, उरलेला गाळ सायफनने ओढा. खड्यांवरही जिवाणू असतात, म्हणून अर्धा-एक किलो खडे मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत बांधून नव्या वाळूवर तीन-चार आठवडे राहू द्या.

वाळू पसरल्यावर तिच्यावर ताटली ठेवा आणि पाणी ताटलीवर बारीक धारेने सोडा. मागे ६, पुढे ३ सेंटिमीटर असा उतार छान दिसतो, पण कोरी महिन्याभरात तो सपाट करतात. उतार टिकवायचा असेल तर मध्ये दगडांची ओळ द्या. दगड आधी काचेवर टेकवा, मग वाळू घाला. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली कोरी उकरतात आणि दगड कलंडतो.

फिल्टर तास-दोन तासांनी, गढूळपणा खाली बसल्यावर सुरू करा. इनटेकला स्पंज लावा आणि तो वाळूपासून ६-७ सेंटिमीटर वर ठेवा. दहा दिवस खाद्य निम्मं, एक दिवसाआड अमोनिया-नायट्राइट तपासा. काही दिसलं तर लगेच २५ टक्के पाणी बदला, क्लोरीन काढून.

पुढे सायफनचं तोंड वाळूत खुपसू नका. दोन-तीन सेंटिमीटर वर धरून गोल फिरवा, हलकी घाण उचलली जाते, वाळू राहते.

कोयनाकाठ (कराड)

तपकिरी थराबद्दल सिलिका सँडला उगाच दोष मिळतो. क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हा थर करणाऱ्या डायटम या सूक्ष्म शेवाळाला विरघळलेली सिलिका लागते आणि ती आपल्या बेसाल्टच्या भागातल्या पाण्यात, विशेषतः बोअरच्या पाण्यात, असतेच. टँकचा तळ नवा केल्यावर काही आठवडे तो थर येतो, पुसला की जातो आणि टँक स्थिरावला की कमी होतो.

वाळूतून बुडबुडे निघाले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात. सडक्या अंड्याचा वास आणि काचेलगत काळे डाग असतील तर तिथे ऑक्सिजन पोचत नाही. ४ सेंटिमीटरच्या थरात हे क्वचितच होतं, दगडाखाली किंवा मागच्या जाड थरात होतं. तेवढा भाग काडीने थोडा-थोडा मोकळा करा. सगळा तळ एका दिवसात ढवळू नका. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी हे काम आपोआप करतात, फक्त खाद्य जास्त पडलं की त्यांची संख्या भराभर वाढते.

सज्जनगड_पायथा (सातारा)

काळी माती अजिबात नको. भिजली की फुगते, वाळली की भेगा पडतात हे शेतात दिसतंच. टँकमध्ये ती वाळूतून वर येते, आणि एकदा रोप उपटलं की पाणी आठवडाभर गढूळ राहतं. द्राक्षाच्या किंवा उसाच्या रानातली असेल तर खतं-औषधांचे अंश वेगळेच.

१९:१९:१९ तर मुळीच पुरू नका. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. गोळी कोरीने उकरून काढली की एका रात्रीत टँक जातो. मत्स्यालयासाठीच्या रूट टॅब (मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या) घ्या. क्रिप्टोंच्या मुळाशी, साधारण १५ सेंटिमीटरच्या अंतराने, चिमट्याने थेट काचेपर्यंत दाबा आणि दर दोन-तीन महिन्यांनी नव्या द्या. व्हॅलिस्नेरियाला ओळीत तीन-चार पुरतात. पुरताना फिल्टर बंद ठेवा. आणि क्रिप्टो हलवल्यावर पंधरा दिवसांत पानं विरघळली तर रोप उपटून टाकू नका. गड्डा घट्ट असेल तर त्याच जागी नवी पानं फुटतात.