मदत हवी आहे: क्रमांकित प्रिंट न चिकटवता फ्रेम कशी करावी?
मुलांच्या कलावर्गांना रंग-कागद मिळावेत म्हणून एका चित्रकर्तीने मर्यादित आवृत्ती काढली, त्यातली एक प्रिंट मी घेतलीय. खाली डावीकडे पेन्सिलने १७/५० (म्हणजे पन्नासांतली सतरावी प्रत), उजवीकडे सही. कागद सुती, आम्लमुक्त. फ्रेमवाला म्हणतो, कडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवू. मला ते अजिबात पटत नाही. क्रमांक आणि सहीच गेली तर उरलं काय?

काच चित्राला टेकू नये म्हणून मधे माउंट (चित्राभोवती खिडकीसारखा कापलेला जाड पुठ्ठा) हवा, एवढं ठाऊक आहे. पण कागद धरून ठेवायला तुम्ही काय वापरता? गव्हाच्या खळीने लावलेल्या जपानी कागदाच्या पट्ट्या कुणी करून पाहिल्यात का? दमट हवेत टिकतात? आणि अतिनील किरण अडवणारी काच घ्यावीच का? प्रिंट मुलांच्या वर्गातच लावायचीय, तिथे दिवसभर उजेड असतो.