पहिला मिररलेस कॅमेरा: कॅनन आर५० की निकॉन झेड५०-२? माझं मत निकॉनला, विरोधी मतं हवीत

चौकट (धागाकर्ता)

माझी भाची फोटोग्राफी मनापासून शिकायला निघाली आहे. मोबाइलवर तिने बरंच काही करून पाहिलंय, आता शटर (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) तिला स्वतःच्या हातात हवेत. बरीच शोधाशोध करून ती दोन नावांवर थांबली आहे: २०२३ साली आलेला कॅनन ईओएस आर५० आणि २०२४च्या अखेरीस आलेला निकॉन झेड५०-२. दोन्ही एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरचे, दोन्हींना व्ह्यूफाइंडर आहे, दोन्हींबरोबर छोटी किट झूम मिळते. माझा कौल निकॉनला आहे. का, ते लिहितो. पटलं नाही तर जरूर खोडून काढा, कारण खरेदी अजून व्हायची आहे.

मेगापिक्सेलवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. कॅननचे २४.२, निकॉनचे २०.९. म्हणजे फोटोच्या लांब बाजूला ६००० पिक्सेल विरुद्ध ५५६८. भिंतीवर मोठी प्रिंट लावली तरी कोणता फोटो कशाचा हे कुणाला ओळखता येणार नाही.

खरा फरक डायलमध्ये आहे. निकॉनला दोन डायल आहेत, एक अंगठ्याशी आणि एक तर्जनीशी. मॅन्युअल मोडमध्ये एकाने शटर फिरवायचं, दुसऱ्याने अ‍ॅपर्चर, आणि डोळा व्ह्यूफाइंडरलाच. आर५० ला डायल एकच. तिथे अ‍ॅपर्चर बदलायचं तर आधी मागचं बटण दाबा, मग तोच डायल फिरवा. ज्याला ऑटोमध्येच राहायचंय त्याला याने काही अडत नाही. पण शिकणाऱ्याला शटर एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) वाढवलं की अ‍ॅपर्चर किती उघडायचं हे बोटांनी कळायला लागतं, आणि ते शेकडो वेळा केल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक वेळी मध्ये बटण आलं की माणूस कंटाळतो आणि कॅमेऱ्यावर सोपवून मोकळा होतो.

दुसरा मुद्दा शटरचा. आर५० मध्ये पूर्ण मेकॅनिकल शटर नाही. एकतर पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आणि दुसरा मेकॅनिकल, नाहीतर सगळंच इलेक्ट्रॉनिक. एफ १.४ सारखी (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) लेन्स लावून भर उन्हात १/४००० सेकंदाला फोटो काढला तर पार्श्वभूमीतल्या धूसर प्रकाशगोलांची एक कड कापल्यासारखी येऊ शकते. निकॉनमध्ये पूर्ण मेकॅनिकल शटर आहे.

आणि किट लेन्स. निकॉनची १६-५०, कॅननची १८-४५. क्रॉप फॅक्टर (लहान सेन्सरमुळे दृश्य किती पटीने अरुंद दिसतं) निकॉनचा १.५ आणि कॅननचा १.६ धरला तर फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने रुंद बाजूला २४ विरुद्ध जवळजवळ २९ मिमी पडतात. छोट्या खोलीत फोटो काढताना हा फरक चांगलाच जाणवतो.

भिंगरी

असहमत. कॅमेरा निवडताना तुम्ही फक्त कॅमेऱ्याकडे पाहताय.

आधी वजन. बॅटरी आणि कार्डासकट आर५० ३७५ ग्रॅम, झेड५०-२ साधारण ५५० ग्रॅम. किट लेन्स दोन्हींच्या जवळपास सारख्या, १३० आणि १३५ ग्रॅमच्या. म्हणजे एक संच अर्धा किलो आणि दुसरा पावणेसातशे ग्रॅम. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो, पण मोबाइलची सवय असलेल्या माणसाच्या रोजच्या पिशवीत कॅमेरा राहतो की कपाटात, हे याच आकड्यावर ठरतं. कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याला दोन डायल असोत की चार.

दुसरं म्हणजे पैसा. आर५० कमी किमतीत येतो. वाचलेले पैसे लेन्सला लावा. कॅननने २०२४ मध्ये आरएफ माउंटच्या (कॅननच्या लेन्स-जोडणीच्या) एपीएस-सी लेन्ससाठी सिग्मा आणि टॅमरॉन या लेन्स-कंपन्यांना वाट मोकळी करून दिली. सिग्माची १८-५० एफ २.८ या बॉडीवर लागते, फोकसही कॅननच्या लेन्ससारखाच होतो. किट लेन्स शेवटच्या टोकाला एफ ६.३ वर असते. तिथून एफ २.८ म्हणजे दोन स्टॉपपेक्षा जास्त उजेड. संध्याकाळी घरात आयएसओ ६४०० ऐवजी १६०० च्या खाली येता येतं. हा फरक दुसऱ्या डायलने भरून निघणार आहे का?

डायलचंच म्हणाल तर कॅननच्या किट लेन्सवरची रिंग मेनूतून कंट्रोल रिंग करता येते. डाव्या हाताने अ‍ॅपर्चर, उजव्या हाताने शटर. शिकायला आणखी काय हवं?

आणि कापलेल्या प्रकाशगोलांचा मुद्दा खरा असला तरी नवशिक्याच्या वाट्याला तो कितीदा येणार? त्यासाठी एफ १.४ किंवा १.८, वर भर ऊन, वर १/२००० च्या पुढचं शटर, हे सगळं एकत्र जुळून यावं लागतं. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावला की प्रश्न मिटतो.

चौकट

भिंगरी, वजनाचा मुद्दा मान्य. पण ५५० ग्रॅममध्ये पकडही येते. निकॉनची मूठ खोल आहे, चारही बोटं नीट बसतात. आर५० वर करंगळी खाली लोंबकळते, आणि जड लेन्स लावली की तोल पुढे जातो.

कंट्रोल रिंगबद्दल: त्या लेन्सवर रिंग एकच आहे. ती अ‍ॅपर्चरला दिली की हाताने फोकस करायला पुन्हा मेनूत जावं लागतं. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

आणि सिग्मा १८-५०. लेन्स उत्तम आहे, वाद नाही. पण तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर शोषणारी सोय) नाही, आणि आर५० च्या बॉडीतही नाही. झेड५०-२ च्या बॉडीतही नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण २०२५ मध्ये निकॉनने झेड डीएक्स १६-५० एफ २.८ व्हीआर आणली (डीएक्स म्हणजे एपीएस-सीसाठी, व्हीआर म्हणजे निकॉनचं स्टॅबिलायझेशन). एफ २.८ सुद्धा आणि व्हीआर सुद्धा. स्थिर वस्तू १/१५ ला हातात धरून टिपायची असेल तर हा फरक मोठा आहे.

भिंगरी

स्थिर वस्तू, हा शब्द तुम्हीच वापरलात. माणसं हलतात. माणसांसाठी १/१२५ च्या खाली जायचंच नसतं, तिथे व्हीआर असलं काय, नसलं काय. आणि निकॉन आधीच महाग, त्यावर ती लेन्स घ्यायची तर तोवर भाची किट लेन्सवरच अडकून राहील. मी पहिल्याच दिवसापासून चांगली लेन्स हातात देण्याबद्दल बोलतेय.

पडदा

व्हिडिओबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून थोडक्यात. फोरके ३० ला (सेकंदाला ३० फ्रेम) दोन्ही सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतात आणि दोन्हींचं चित्र स्वच्छ येतं. निकॉनमध्ये त्यापुढे फोरके ६० आहे (फ्रेम कापून), एन-लॉग (रंग नंतर सुधारायला सोयीचा व्हिडिओ) आहे, हेडफोनची जागा आहे. आर५० मध्ये माइक लावता येतो, हेडफोन नाही. आवाज रेकॉर्ड होतोय की नाही हे कानाने ऐकता येत नसेल तर मुलाखती करणाऱ्याने आर५० घेऊ नये. बाकीच्यांना दोन्ही पुरेत.

साधाच

सोनी झेडव्ही-ई१० का नको? लेन्स सगळ्यात जास्त त्याच माउंटला आहेत.

चौकट

लेन्सबद्दल सहमत, ई माउंट २०१० पासून आहे आणि इतरांच्या लेन्स भरपूर. पण झेडव्ही-ई१० ला व्ह्यूफाइंडर नाही. उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, आणि कॅमेरा डोळ्याला टेकला की हात स्थिरावतात ते वेगळंच. तिला प्रामुख्याने फोटो काढायचेत.

रानवाटा

मी पक्ष्यांच्या बाजूने लिहितो, आणि माझं मत दोघांनाही थोडं अडचणीचं ठरेल.

बॉडी म्हणून पक्ष्यांना निकॉन बरा. त्यात पक्ष्यांसाठी वेगळा डिटेक्शन मोड आहे आणि थ्रीडी ट्रॅकिंग (हलत्या वस्तूचा माग ठेवणारा फोकस) आहे. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला ११ फ्रेम मिळतात. आर५० कागदावर १२ आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिकवर १५ देतो, पण रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फोटोत) बफर (कार्डावर जाण्याआधीची तात्पुरती साठवण) इतक्या लवकर भरतो की पक्षी उडायला लागला तोवर कॅमेरा थांबलेला असतो. सीरॉ (दाबून लहान केलेला रॉ) किंवा जेपेग वापरून वेळ मारून नेता येते. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर पंखांचे आकारही वाकडे येतात.

पण लेन्सकडे आलं की पारडं फिरतं. कॅननची आरएफ १००-४०० एफ ५.६-८ फक्त ६३५ ग्रॅमची आहे. आर५० वर ती ६४० मिमीसारखी दिसते आणि सगळा संच एक किलोभर होतो. निकॉनची स्वतःची १८०-६०० जवळजवळ दोन किलोंची आहे. तिच्यासाठी खांदा वेगळा लागतो. पहिल्या वर्षी पक्षी शिकायचे तर मी आर५० आणि १००-४०० घेईन, बफरची कुरकुर सहन करून.

चौकट

निकॉनची झेड २८-४०० एफ ४-८ आहे की. ७२५ ग्रॅम. ४०० ला तीही एफ ८ आणि तुमची १००-४०० सुद्धा एफ ८. वर रुंद बाजूला २८ पासून सुरू होते, म्हणजे लेन्स न बदलता सगळं. आणि डीएक्स ५०-२५० व्हीआर ४०५ ग्रॅमची, ३७५ मिमीसारखी. कॅननची आरएफ-एस ५५-२१० शेवटी एफ ७.१ वर जाते आणि ३३६ मिमीला थांबते.

रानवाटा

२८-४०० वापरून पाहिली आहे. सोयीची आहे, वाद नाही. पण ती महाग आहे. त्या पैशात १००-४०० घेऊन वर आणखी एक लेन्स येते. ५०-२५० चा मुद्दा बरोबर. बागेतल्या, जवळ येणाऱ्या पक्ष्यांना ती पुरते आणि ५५-२१० पेक्षा मला ती नक्कीच आवडते.

जुनी_भिंगं

घरात कुणाच्या जुन्या डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) लेन्स आहेत का, हे कुणी विचारलंच नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालतात, सरसकट. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. त्यामुळे ज्या जुन्या लेन्सना बॉडीतली मोटर लागायची, त्या एएफ आणि एएफ-डी लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. एएफ-एस लेन्सना अडचण नाही. घरात जुनी ५० मिमी एफ १.८ पडलेली असेल तर ती कोणत्या जातीची आहे ते आधी पाहा.

फ्लॅशचंही तेच. आर५० चा फ्लॅश बसवायचा शू नव्या पद्धतीचा आहे. जुना फ्लॅश किंवा ट्रिगर लावायला एडी-ई१ नावाचा अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो.

भिंगरी

बॅटरीचं पण सांगा ना मग! सीपाच्या (कॅमेरा-उद्योग संघटनेच्या) मापाने झेड५०-२ एका चार्जवर २५० फोटोंच्या आसपास थांबतो, आर५० त्याच्या बराच पुढे जातो. दिवसभर बाहेर राहायचं तर निकॉनवाल्याने दुसरी बॅटरी धरूनच हिशेब करावा.

ओलीशाई

मी ती भाची. मामाने सगळं सांगितलं, फक्त मी कशाचे फोटो काढणार ते सोडून! मी नृत्य करते, आणि मला तालमींचे आणि रंगमंचावरचे फोटो काढायचेत. उजेड कमी, दिवे एलईडी, समोरचं माणूस सतत हलतं. तालमीत शटरचा आवाज चालतो, प्रयोगात नाही. आता सांगा.

भिंगरी

हे आधी कळायला हवं होतं! मग विचार वेगळा.

प्रयोगात आवाज नको म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर आलं, आणि एलईडी दिव्यांखाली त्यात पट्टे येण्याची भीती दोन्ही कॅमेऱ्यांत आहे. सेन्सर एकेक ओळ करत वाचला जातो, तेवढ्यात दिवा लुकलुकतो आणि ती लुकलुक फोटोत आडवी उमटते. गिरकीतला हातही वाकडा येऊ शकतो. यात दोघांपैकी कुणीही तुम्हाला वाचवणार नाही. प्रत्येक रंगमंचावर आधी दोन-चार शटर वेग लावून पाहावे लागतील. पहिला पडदाच फक्त इलेक्ट्रॉनिक असेल तर ही भीती फार कमी. म्हणजे तालमीत आर५० चं शटर कुठेही मागे पडत नाही, मामांना सांगा.

आणि तुमच्या कामात व्हीआरचा उपयोग शून्याजवळ. नाचणाऱ्याला गोठवायला १/५०० च्या आसपास लागेल. तुम्हाला हवी एफ १.४ ची लेन्स. हे मी पहिल्यापासून म्हणतेय.

चौकट

एफ १.४ बद्दल भिंगरींशी सहमत. सिग्माची ५६ एफ १.४ दोन्ही माउंटला मिळते, तेव्हा लेन्सच्या बाबतीत इथे बरोबरी झाली. पण रंगमंचावर प्रकाश दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. निळ्यातून पांढऱ्यात, पूर्ण अंधारातून एका झोतात. कॅमेऱ्याचं मीटरिंग (उजेड मोजणं) अशा वेळी काळी पार्श्वभूमी बघून चेहरा पांढराफटक करतं. म्हणून तिथे सगळे मॅन्युअलवर काढतात. आणि मॅन्युअलवर, अंधारात, बटण न शोधता दोन्ही गोष्टी फिरवता येणं इथेच सगळ्यात जास्त लागणार आहे.

भिंगरी

एफ १.४ वर काढताना अ‍ॅपर्चर बदलतंच कोण? ते उघडंच राहतं. शटर १/५०० ला ठेवलं की उजेडाप्रमाणे फक्त आयएसओ फिरवायचा. त्याला एक डायल आणि एक बटण पुरतं, आणि आर५० वर आयएसओचं बटण शटरशेजारीच आहे. माझं मत बदललेलं नाही. पण तालमीत जाऊन दोन्ही कॅमेरे हातात घेऊन बघा, कुणाकडून तरी तासाभरासाठी मिळतील. मॅन्युअल मोड लावा, उजेडातून अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळा आणि डोळा न काढता एक्स्पोजर साधा. ज्यावर बोटं अडखळत नाहीत, तो घ्या.

ओलीशाई

हे करून पाहते. एक प्रश्न राहतो. निकॉन घेतला तर आधी डीएक्स २४ एफ १.७ घ्यावी की सिग्मा ५६ एफ १.४?

रानवाटा

५६. रंगमंच लांब असतो, आणि २४ ने माणसापेक्षा रिकामा मंचच जास्त येईल. तालमीच्या खोलीसाठी किट लेन्सची १६ मिमी बाजू आहेच.