ऱ्होडेशियातली शहरी चळवळ आपसातल्या हाणामारीवर कशी आली?

जिज्ञासू_७
झिम्बाब्वेचा (तेव्हाचं ऱ्होडेशिया) इतिहास वाचतोय. 1946 नंतर राजधानी सॉल्सबरीच्या (आताचं हरारे) हरारी या काळ्या लोकांच्या वस्तीत (आताचं म्बारे) चार्ल्स म्झिंगेलींची कामगार युनियन घरं, परमिट, पोलिसांच्या धाडी यावर सभा घेतेय, आणि 1963-64 ला सॉल्सबरीच्याच हायफील्ड वस्तीत झापू आणि झानू या दोन राष्ट्रवादी पक्षांची पोरं एकमेकांच्या घरांवर पेट्रोल बॉम्ब टाकतायत. वीस वर्षांत एवढं कसं बिघडलं? गोऱ्या सरकारच्या बंदीमुळेच ना?

रातकिडा
बंदी तर आहेच. फेब्रुवारी 1959 ला तिथली आफ्रिकन नॅशनल काँग्रेस बंद, डिसेंबर 61 ला तिच्या जागी आलेली एनडीपी (नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टी), सप्टेंबर 62 ला तिच्या जागी आलेली न्कोमोंची झापू, म्हणजे पक्ष काढायचा अवकाश की पुढारी आत. 1960 चा लॉ अँड ऑर्डर कायदा तर इतका भयंकर होता की फेडरेशनचे (ऱ्होडेशिया-न्यासालँड संघराज्याचे) सरन्यायाधीश ट्रेडगोल्ड यांनी राजीनामाच दिला.

भाग्यश्री_वाचते
मग 1956 चं काय करायचं? तेव्हा कुठे होती बंदी. यूथ लीग या तरुण राष्ट्रवाद्यांच्या संघटनेने बसभाड्यावरून बहिष्कार पुकारला, हरारीच्या कार्टर हाऊस हॉस्टेलमधल्या नोकरदार बायका तरीही बसने कामावर गेल्या, तर जमाव हॉस्टेलवर चालून गेला आणि बलात्कार झाले. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), लग्नाचा दाखला नाही म्हणून पोलीस वस्तीतून बायकांना उचलायचे त्याविरुद्ध म्झिंगेली आधी भांडलेले! आमच्या हाकेला ओ दिली नाही म्हणजे गद्दार, हे तेव्हाच सुरू झालं. पुढे तोच शिक्का खुद्द म्झिंगेलींवर बसला.

जिज्ञासू_७
हे माहीतच नव्हतं. पण 63 ला तर दोन्हीकडे राष्ट्रवादीच होते ना?

रातकिडा
भाग्यश्रीचा मुद्दा मान्य, तरी एक बघ. 1961 च्या घटनेत संसदेच्या 65 पैकी 15च जागा बी रोलच्या (म्हणजे बहुतेक काळ्या मतदारांच्या यादीच्या), त्यामुळे राष्ट्रवाद्यांनी 62 च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. मतपेटीच नाही म्हटल्यावर खरा पक्ष कुणाचा हे ठरवणार कसं? सभेला गर्दी कुणाची, गल्ली कुणाच्या ताब्यात, यावरच ना. ऑगस्ट 63 ला झापूतून फुटलेल्या सिथोलेंनी एनोस न्काला या सहकाऱ्याच्या हायफील्डमधल्या घरी झानू काढला आणि न्कोमोंची माणसं पीसीसी (पीपल्स केअरटेकर कौन्सिल) नावाने उभी राहिली, झापूवर बंदी होती ना. दोघांनाही आपणच एकमेव पाहिजे होतं. मग दगड, जाळपोळ, पक्षाचं कार्ड दाखव नाहीतर मार खा.

भाग्यश्री_वाचते
आणि सरकारला आयतंच निमित्त. ऑगस्ट 64 ला दोन्ही पक्ष एकदमच बंद.