मदत हवी आहे: नाताळच्या सुट्टीत कोचीची मैत्रीण नाशकात येतेय, गुडघा दुखरा आहे, कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी,

माझी कॉलेजातली मैत्रीण नाताळच्या सुट्टीत माझ्याकडे राहायला येतेय. मंगला एक्सप्रेसने थेट नाशिकरोडला उतरेल आणि एकतीस तारखेच्या आत त्याच गाडीने परत. तिकिटं झाली आहेत, त्यामुळे येण्याजाण्याची काळजी नाही. काळजी मधल्या दिवसांची आहे.

आम्ही गंगापूर रोडला राहतो. घरी मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. नवऱ्याला सुट्टी नाही, पण गाडी मला मिळेल. दिवसा हायवेला चालवते, रात्री नको वाटतं. मैत्रीण कॉलेजात इतिहास शिकवते. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर तासभर आरामात चालते, पायऱ्यांचं नाव काढलं की चेहरा पडतो.

तिने पाठवलेली यादी: पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर, शिर्डी, एखादी वायनरी, आणि "द्राक्षाच्या बागेत उभं राहून द्राक्षं खायची." आता नाशिककर जाणतातच. त्या आठवड्यात अर्धी मुंबई आणि पाव गुजरात आपल्याकडे मुक्कामाला असतो. गंगापूर रोडला संध्याकाळी कोथिंबीर आणायला बाहेर पडायचं तरी धाडस लागतं. त्र्यंबकची रांग, शिर्डीची रांग, वायनरीच्या गेटबाहेरची रांग, आणि त्या रांगांत गुडघा धरून उभी असलेली माझी मैत्रीण, हे चित्र मला नकोय.

माझ्या डोक्यात असं आलंय की सगळी गर्दी शहराच्या पश्चिमेला पळते, तर आपण उलट जावं, सिन्नर आणि निफाडकडे. सिन्नरचं गोंदेश्वर, जमलं तर तिथलं गारगोटी संग्रहालय, आणि एका सकाळी नांदूरमध्यमेश्वर. हे बरोबर वाटतंय का? नांदूरमध्यमेश्वरला फार न चालता पक्षी दिसतात का? पांडवलेणीचं काय करू? इतिहासवाल्या माणसाला नाशकात आणून लेणी न दाखवणं जिवावर येतं. आणि डिसेंबरअखेर द्राक्षं खायला मिळतील अशी बाग कुठे आहे?

शेवटची अडचण घरातली. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, आणि तिला रोज मासे लागतात. सासूबाईंना मराठीशिवाय भाषा येत नाही, पण पाहुणीला खाऊ घालायचा उत्साह दांडगा आहे.

प्रतिसाद

पूर्वेकडे जायच्या कल्पनेला +१. पांडवलेणी मात्र यादीतून काढू नका, पद्धत बदला. दोनशेच्या वर पायऱ्या आहेत हे खरं, पण त्या टप्प्याटप्प्याने चढता येतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा. मध्ये बसत बसत चढायला लागेल तेवढा वेळ लागू द्या. गुडघेवाल्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, म्हणून परतीला काठी हवीच, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. वर पोचलं की लेणी एका ओळीत आहेत, फिरायला तसा त्रास नाही. तोंड उत्तरेकडे असल्याने सावली असते, डिसेंबरात शाल लागते.

चोवीसच्या चोवीस लेणी बघायचा हट्ट नको. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा (शक क्षत्रपांचं घराणं) उच्छेद केला हे आईने कोरून ठेवलंय. दहावं लेणं त्याच क्षहरात नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. म्हणजे हरलेल्याचं आणि जिंकलेल्याचं म्हणणं एकाच डोंगरात वाचायला मिळतं. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, आहे. कोचीच्या माणसाला यवन व्यापारी नवीन नाहीत, मुझिरिस हे प्राचीन बंदर तिच्या घराजवळच. तिला हे आधी सांगून ठेवा, पायऱ्या आपोआप कमी वाटतील.

आणि सिन्नरला जाणारच आहात तर हेही सांगा: त्याच तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. गावात आज बघण्यासारखं काही नाही, पण इतिहासवाले नुसत्या पाटीलाही खूश होतात.

प्रतिसाद

शिर्डी विसरा. वर्षअखेरीला तिथे धडधाकट माणूस थकतो.

प्रतिसाद

निफाड तालुक्यातला आहे, आमची स्वतःची बाग आहे, म्हणून द्राक्षाबद्दल लिहितो.

ताई, डिसेंबरअखेर आमच्याकडे बहुतेक बागांत घड दिसायला सुंदर आणि खायला आंबट असतात. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास होते, तिथून माल तयार व्हायला चार महिने धरा. नाताळात कुठे मण्यात पाणी उतरायला लागलेलं असतं, कुठे तेही नाही. खरी गोडी जानेवारीच्या शेवटापासून पुढे. सटाणा-बागलाणकडे अर्ली छाटणी करतात, तिकडचा माल लवकर येतो, बाजारात तुम्हाला दिसेल तो बराचसा तिकडचा. तेव्हा खायची द्राक्षं बाजारातून घ्या आणि बाग नुसती बघायला या.

दोन गोष्टी पाळा. घडाला हात लावायचा नाही. आणि "एकच मणी" म्हणून तोडून तोंडात टाकायचा नाही, त्या दिवसांत फवारण्या चालू असतात. ओळखीशिवाय कुणाच्या बागेत शिरू नका, वर्षाचा पैसा तिथे लटकलेला असतो. शेतकऱ्याला विचारलंत तर तो स्वतःहून दाखवतो, चहाही पाजतो.

बघण्यासारखं खरं म्हणजे पहाटेचं आहे. निफाडचा पारा एक आकडी झाला की पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापून येतो. त्या थंडीत मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ड्रिप सोडतो. धूर ओळींमधून खालून सरकत जातो. फोटोवाले त्यासाठी येतात, आम्हाला मात्र ती रात्र नको असते.

नांदूरमध्यमेश्वर आमच्यापासून जवळ. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, त्याचं पाणी पसरून गाळात दलदल झाली आणि पक्षी आले. २०२० मध्ये रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. नाशकातून चाळीसेक किलोमीटर. चापडगावच्या बाजूने जा, वाट सपाट आहे. मनोरे आहेत पण मैत्रिणीने चढायची गरज नाही, काठावरूनही चक्रवाक, थापट्या, चमचा, जांभळी पाणकोंबडी दिसतात. गाईडची मुलं असतात, एकाला घ्याच. दुर्बीण घरची आणा. सूर्य वर आला की पक्षी आत सरकतात आणि पर्यटक पुढे येतात, त्यामुळे आठच्या आत पोचा.

तुमचा दिवस कळवलात तर परतीच्या वाटेवर आमची बाग दाखवतो.

प्रतिसाद

गोंदेश्वर नक्की. यादवकाळातलं शिवपंचायतन आहे, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. जोत्यावर चढायला थोड्या पायऱ्या आहेत, मग सगळं सपाट. त्या दिवसांतही माणसं कमी असतात. दुपारी उतरत्या उन्हात जा, कोरीवकाम उठून दिसतं. गारगोटीही चांगलं आहे, आपल्या बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांतले झिओलाइट, म्हणजे खनिजांचे स्फटिक, तिथे काचेमागे ठेवलेत. पण दोन्ही एका दिवशी करणार असाल तर मधे बसून जेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. लेण्यांचा सल्ला मैत्रिणीला वाचून दाखवला, "इंद्राग्निदत्तासाठी चढीन" म्हणाली. त्र्यंबकही तिने स्वतःच सोडून दिलं. आता शहरातलं सांगा. गोदाघाटावर सिंहस्थाच्या कामांची खोदाई चालू आहे, तिला तिथे न्यावं का? आणि वायनरीचा तिचा हट्ट कायम आहे.

प्रतिसाद

घाटावर न्या, पण खाली रामकुंडापर्यंत उतरवू नका. आरतीच्या वेळी पुलावरून बघा. काळाराम मंदिर सकाळी शांत असतं. १९३० चा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह तिने पुस्तकातून शिकवला असेलच, तो दरवाजा प्रत्यक्ष बघितला की वेगळं वाटतं. रामकुंडाशेजारी कपालेश्वर आहे, नंदी नसलेलं महादेवाचं देऊळ, पण तिथे पायऱ्या आहेत. जुन्या नाशकात गाडी अजिबात नेऊ नका, रविवार कारंजापर्यंत रिक्षा आणि पुढे पायी. भांडी बाजारात तांब्या-पितळेचं काहीतरी घेऊ द्या, कोचीला न्यायला ते चिवड्यापेक्षा टिकाऊ.

इतिहासवाली आहे म्हणून अजून एक. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तारीख हुकली तरी महिना तोच आहे, त्या गल्लीतून जाताना सांगा.

वायनरी: आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी पहिल्या टूरला, बुकिंग करूनच. एकतीसच्या जवळ नको, गंगापूर रोडला नाकाबंदी असते. तुम्ही गाडी चालवणार असाल तर चव फक्त तिने घ्यायची.

प्रतिसाद

घरातलं मी सांगते, माझ्याकडे दरवर्षी कुणीतरी येतं.

मासे घरी करायचा विचारही नको आणि त्याबद्दल तिच्याकडे सारखं वाईट वाटून घ्यायचंही नको. पाहुण्यांना शाकाहारी घर कळतं. एका दुपारी तिला बाहेर काळ्या मसाल्याच्या रश्श्याचं मटण आणि भाकरी खाऊ घाला, कोचीचा मासा इथे शोधत बसू नका. मिसळ रविवारी सकाळी नको, मधल्या वारी न्या, आणि रस्सा वेगळा मागा.

सासूबाईंना एक काम नेमून द्या. माझ्या सासूबाईंनी बंगाली पाहुणीला मांडे लाटायला बसवलं होतं, तासभर दोघींचं हातवाऱ्यांवर उत्तम चाललं. तुमच्याकडे तिळाच्या पोळ्या करा, संक्रांतीची वाट बघायची गरज नाही. मात्र भात दोन्ही वेळेला ठेवा. तिकडच्या माणसाला भाकरी आवडते, पण पोट भरल्यासारखं वाटत नाही.

थंडीचं मनावर घ्या. ती कोचीहून पंखा लावून झोपणारी येतेय. जाड रजई, पायमोजे, आणि दुखऱ्या गुडघ्यासाठी शेकायची पिशवी रात्री तयार ठेवा. थंडीत आखडतो तो.

धागाकर्ती

रजई काल उन्हात टाकली. सासूबाईंना तीळ आणायला सांगितलंय, त्यांनी दोन किलो आणलेत. वायनरी मंगळवारी सकाळची मिळाली. निफाडकर भाऊ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, शनिवारी पहाटे साडेसहाला आम्ही निघू. बागेत घडाला हात लावणार नाही, माझ्या मुलाचीही हमी देते. फक्त एक सांगा, तुमच्याकडून परत येताना पिंपळगावमार्गे यावं की सायखेड्यावरून? सायखेड्याचा रस्ता सध्या कसा आहे?