गाईडला वेळच नाही, थिसीसचं विचारायचं कुणाला?

खानापूरची_पीजी:
नमस्कार. मी मूळची खानापूर तालुक्यातली, सध्या दुसऱ्या जिल्ह्यात गायनॅकची फर्स्ट इयर पीजी (एमबीबीएसनंतरचं पदव्युत्तर शिक्षण घेतेय). विषय मिळालाय नॉर्मल डिलिव्हरीनंतरचा रक्तस्राव आणि तो मोजायची पद्धत. सरांचा हात एकदम भारी, सिझर करताना बघतच राहावं, पण थिसीस काढला की "बघू नंतर". मग ओटी, ओटीनंतर राऊंड, राऊंड संपला की ते घरी आणि मी नाईटला लेबर रूममध्ये. सिनॉप्सिसची, म्हणजे थिसीसच्या आराखड्याची तारीख जवळ आलीये, एथिक्स कमिटीची परवानगी अजून व्हायचीय. सीनियर म्हणतात जुना थिसीस घे, आकडे बदल, सगळे तेच करायलेत. मला तसलं नकोय. घरात मीच पहिली डॉक्टर, विचारणार कुणाला? गाईडला न दुखवता दुसऱ्या कुणाची मदत घेता येते का?

निपाणीकर_डॉक्टर:
अगं "सर, थिसीसचं बघायचं होतं" असं विचारलंस तर उत्तर "बघू"च येणार की. एका वाक्यात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न घेऊन जा. म्हणजे, "सर, ५०० मिलीच्या वर रक्त गेलेल्या सगळ्या केस एकत्र धरू की १००० च्या वरच्या वेगळ्या काढू?" आणि विचार कधी, तर स्क्रब करताना, कोपरापर्यंत साबण लावलेला सर्जन कुठं पळणार. संध्याकाळी सरांना मेसेज टाक, "सर, आज असं ठरलं". उद्या विसरले तरी लेखी राहतं.
आणि बाहेरची मदत चोरून घेऊ नकोस, रीतसर को-गाईड, म्हणजे दुसरा गाईड माग. आधी सरांनाच सांगायचं, "पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) मॅडमना आकडेवारीसाठी घेऊ का?" बहुतेक सर सुटलो म्हणतील.

वडगावचा_संशोधक:
बाई, तुझा विषय तर बेळगावचाच की! २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली मिसोप्रोस्टॉलची (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायच्या औषधाची) ट्रायल आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत झालीय, १६२० बायका, तोंडाने घ्यायची गोळी, आणि ती देणाऱ्या होत्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या नर्स सिस्टर. जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांचं प्रमाण गोळी न घेणाऱ्यांत १२ टक्के, तर घेणाऱ्यांत ६.४ टक्के निघालं. तेव्हा रक्त मोजायला खुणा असलेली प्लास्टिकची पिशवीवजा ड्रेप वापरली होती, कारण नुसत्या डोळ्याने अंदाज केला की आकडा कमीच भरतो. तो पेपर आधी नीट वाच, मग सरांकडे जा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.
दुसरं, लेबर रूममधली सगळ्यात जुनी सिस्टर धर. ड्रेप बाळ बाहेर आल्यावर आणि गर्भजल वाहून गेल्यावर सरकवायची, नाहीतर पाणीपण रक्तात मोजलं जातं, आणि मध्यरात्री पेशंट कण्हत असताना हे कसं जमवायचं ते प्रोफेसर नाही शिकवणार, ती शिकवेल. सॅम्पल साइज डेटा गोळा करायच्या आधी काढून घे, नंतर स्टॅटिस्टिशियनकडे जाऊन काय उपयोग, तो बिचारा काय करणार. गोळी-इंजेक्शनची तुलना असेल तर पहिल्या पेशंटच्या आधी सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी. तुमच्याकडे सीमाभागातल्या बायका येत असतील तर संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हींत कर, दोन्ही प्रती एथिक्स कमिटीला दाखव, आणि कुणी अंगठा उठवणारी असेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखव.

टिळकवाडीची_अक्का:
मी स्वतः गाईड आहे म्हणून बोलते. निपाणीकर, स्क्रब करताना विचारायची आयडिया मला नाही पटली, पुढचं पोट उघडायचं असतं डोक्यात, एखादा सर खेकसला तर पोरगी परत तोंड उघडणार नाही. त्यापेक्षा ठरलेला वार माग, शनिवारी ओपीडी संपल्यावर १५ मिनिटं. आम्हाला तीन-चार पीजी, परीक्षा, इन्स्पेक्शन, सगळं खरं, पण पीजी घेतली म्हणजे तिला वेळ द्यायचा हे ठरलेलंच, त्यात उपकार कसले. जुना थिसीस उचलायचा सल्ला देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा गं, आता सॉफ्टवेअर पकडतं, आणि नाही पकडलं तरी तो थिसीस तुझा नसतो.
चेन्नईच्या एनआयई या संस्थेचा बीसीबीआर, म्हणजे संशोधनाची मूलतत्त्वं शिकवणारा कोर्स पीजीला करावाच लागतो, तो आत्ताच उरक, सिनॉप्सिस लिहायला तोच कामाला येतो. पेपर निघाला तर लेखकांची नावं आधीच बोलून ठेव. नुसती सही केली म्हणून कुणी लेखक होत नाही, आराखडा किंवा विश्लेषणात हात हवा, मसुदा वाचून सुधारलेला हवा. हे पहिल्या महिन्यात बोलायला सोपं, शेवटी भांडणं होतात.

निपाणीकर_डॉक्टर:
अक्का, तुमच्यासारखे शनिवारी बसणारे सगळीकडे असते तर ही पोस्टच आली नसती. 😄

खानापूरची_पीजी:
सगळ्यांचे आभार. सरांना आज विचारलं, राऊंडनंतर, पीएसएमच्या मॅडमचं नाव को-गाईड म्हणून चालेल म्हणाले, वर "आधीच का नाही सांगितलं". शनिवारचं मात्र "बघू" 🙈 पेपर डाउनलोड केलाय. एक राहिलं, थर्ड सेमपासून डेटा घ्यायचा विचार आहे, जमेल ना?

वडगावचा_संशोधक:
डीआरपी, म्हणजे जिल्हा रुग्णालयातली सक्तीची ड्यूटी कधी लागतेय ते आधी बघ. तिसऱ्या, चौथ्या नाहीतर पाचव्या सेममध्ये तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवतात, तेव्हा तुझ्या लेबर रूममधल्या केस कोण मोजणार? ते महिने सोडून वेळापत्रक कर, नाहीतर एथिक्सची परवानगी मिळाल्या मिळाल्या सेकंड सेमलाच सुरू कर. आणि जिथं पाठवतील तिथल्या गायनॅकच्या डॉक्टरांशी ओळख वाढव, तिथं ओटी कमी आणि बोलायला वेळ जास्त असतो.