अनुभव धागा: एकाच सहलीत भग्न नगरी आणि मोठा धबधबा

नमस्कार मंडळी,

जुने दगडी अवशेष आणि मोठा धबधबा एकाच सहलीत बसवायचे म्हटले की पंचाईत होते ती ऋतूची. अवशेषांतून हिंडायला उघडीप हवी, धबधब्याला भरपूर पाणी हवं. तुम्ही हे कसं जमवलंत? कोणता महिना, कोणती वाट, मधे काय गवसलं, हे सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते.

हंपी ते जोग, ऑगस्टअखेर (पुणे)

जोगला धो धो पाऊस असतो म्हणून लोक त्या दिवसांत हंपीही टाळतात. पण हंपी घाटापासून लांब, पर्जन्यछायेत आहे. आम्हाला ढगाळ हवा आणि गार दगड मिळाले. एप्रिलच्या दुपारी त्याच कातळांवर पाय ठेववत नाही. फक्त तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं, की काठावरचा पुरंदर मंडप बुडतो आणि गोल टोपल्यांच्या होड्या बंद होतात.

विठ्ठल मंदिरात सगळे दगडी रथापाशी थांबतात. माझ्या सासूबाई थेट गाभाऱ्याकडे गेल्या. गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. सासूबाईंनी तिथेच उभं राहून हरिपाठाचे अभंग म्हटले. मला हंपीतलं सगळ्यात जास्त तेच आठवतं.

जोगला जाताना सागरजवळची केळदी आणि इक्केरी सोडू नका. १५६५ च्या लढाईनंतर विजयनगर उद्ध्वस्त झालं, पण त्याचे मांडलिक केळदीचे नायक पुढे जवळपास दोन शतकं टिकले. राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा त्यांना आसरा दिला तो याच घराण्याच्या राणी चेन्नम्मांनी. इक्केरीच्या अघोरेश्वराच्या देवळात मराठी माणसाने घटकाभर तरी बसावंच.

जोगला शरावती २५३ मीटर खाली कोसळते. राजा, राणी, रोअरर, रॉकेट या चार धारा. वर लिंगनमक्की धरणात वीजनिर्मितीसाठी पाणी अडवतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्या बारीक होतात. पावसाळ्यात अडचण धुक्याची. समोर पांढरं शून्य दिसलं तरी गाडीत बसू नका. चहा घ्या, थांबा. आमच्यासमोर धुकं सरकलं तेव्हा चारही धारा एकदम दिसल्या.

ग्रेट झिंबाब्वे आणि व्हिक्टोरिया धबधबा, जून (जोहान्सबर्ग)

ताई, तुमच्या ऋतूच्या पंचाईतीला इकडे झांबेझी नदीनेच उत्तर दिलंय. तिचं पाणी फार वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचं. खाली पोचायला त्याला वेळ लागतो. म्हणून पावसाळा सरल्यावर, एप्रिलच्या सुमारास, धबधबा ऐन भरात येतो. तेव्हा तुषार इतके उडतात की समोरचा कडाही दिसत नाही. जूनमध्ये आभाळ स्वच्छ असतं आणि पाणीही भरपूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा उघडा पडतो.

आम्ही आधी मस्विंगोला गेलो, ग्रेट झिंबाब्वेची भग्न दगडी नगरी त्याच्याजवळच आहे. तिथल्या मोठ्या आवाराची भिंत ११ मीटरपर्यंत उंच आहे, ग्रॅनाइटचे चिरे नुसते एकावर एक रचलेले, मधे चुना नाही. ऱ्होडेशियाच्या, म्हणजे स्वातंत्र्याआधीच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या राजवटीला हे काम आफ्रिकी लोकांचं आहे हे मान्यच करायचं नव्हतं. गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये उत्खनन करून ते निःसंशय आफ्रिकीच असल्याचं सांगितलं, तरी नंतर कित्येक वर्षं गोऱ्यांच्या पुस्तकांत भलत्याच कथा चालू राहिल्या. आमचा वाटाड्या तिथल्या शोना समाजातला होता. त्या भिंतीवर हात ठेवून तो हे सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजातला अभिमान आणि राग दोन्ही कळत होते. तिथे सापडलेला दगडी पक्षी आज देशाच्या झेंड्यावर आहे.

पुढे बुलावायोला मुक्काम करा. जवळच खामीचे अवशेष आहेत, तिथे गर्दी नसते. व्हिक्टोरियाला पौर्णिमा साधली तर चंद्रप्रकाशात इंद्रधनुष्य दिसतं.

माचू पिचू आणि इग्वासू, सप्टेंबर (न्यू जर्सी)

थोडक्यात लिहितो. कुस्को ३४०० मीटरवर आणि माचू पिचू त्याहून खाली, साधारण २४३० वर. सोबत आई-बाबा होते, म्हणून विमानतळावरून तडक खालच्या ओयांतायतांबोला गेलो आणि कुस्को शेवटी ठेवलं. बाबांना धाप लागली नाही. सप्टेंबरात पेरूकडे सहसा कोरडी हवा असते, आणि इग्वासूला बाराही महिने पाणी. तिथे अर्जेंटिनाच्या बाजूने धबधब्याच्या डोक्यावर चालता येतं, ब्राझीलच्या बाजूने सगळा देखावा एका नजरेत मावतो. दोन्ही देशांचे व्हिसा आधीच बघून ठेवा.

अजिंठा (जळगाव)

आमच्याकडे दोन्ही एकाच दरीत आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा जो कडा कोरून लेणी काढली, त्याच्या टोकाला वाघूर नदी सात टप्प्यांत कोसळते. तेच सातकुंड. जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात या. पाहुणे पहिल्या, दुसऱ्या लेण्यातली चित्रं बघून दमतात आणि परत फिरतात. तसं करू नका, सव्विसाव्यापर्यंत चला. महापरिनिर्वाणाची बुद्धमूर्ती बघून बाहेर आलात की पाण्याचा आवाज येतो. सोमवारी लेणी बंद.

धागाकर्ती: जळगावच्या दादा, आभार. पट्टदकल-ऐहोळेला जोडून गोकाकचा धबधबा कुणी केलाय का? घटप्रभेला पाणी असताना मलप्रभेकाठची देवळं नीट बघता येतात का, तेही लिहा.